चिठ्ठीची मागची बाजू

ती. दादास,

सविनय नमस्कार. तुझी पाठ आता बरी असेल. तुझ्या पलीकडच्या घरात माझे आई-बाबाही ठीक असतील, नसले तर लपवू नकोस. माझी प्रकृती उत्तम आहे (झोप सोडून). आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे असलं पत्र वाचणारं घरचं कोणी नाही. म्हणून शेजारधर्माने तुलाच लिहिते.

तू आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून गेलास आणि छापायची आज्ञा चिठ्ठीवर लिहून दिलीस. चिठ्ठी हरवू नये म्हणून मी ती त्याच दिवशी डिंकाने भिंतीला घट्ट चिकटवली. (सगळं इथूनच सुरू झालं.) सोमवारी मॅडम चार दिवस रजेवर गेल्या. जाताना 'गुरुवारी पाणी बंद' ही सूचना छापून फलकांवर लावायला सांगून गेल्या. नोकरीत कायम होण्याआधीचं हे माझं शेवटचं काम. मी चिठ्ठीवरची आज्ञा 'एलपी' आणि पुढे फाइलचं नाव टाइप केलं. यंत्राने विनंती क्रमांक दिला, कागद दिला नाही. ज्या अर्थी क्रमांक मिळतोय त्या अर्थी आपला अर्ज कुठेतरी दाखल होतोय, असं मानून मी एकोणीस वेळा विनंती केली. माझ्या टेबलाजवळच्या प्रिंटरची वायर काढून लावली, कागद बदलले, त्याला फडक्याने पुसलं. टायपिस्ट काका म्हणाले, "अगं, मशीनची इतकी मनधरणी? आमच्या वेळी ठोकलं की उमटायचं!" शेवटी चाळीस सूचना हाताने लिहून लावल्या. तक्रार एकही आली नाही. पण सांगितलं होतं छापायला, आणि ते झालं नाही, हे मन खात राहिलं. म्हणून राजीनामा लिहिला आणि (सवयीने) तोही छापायला पाठवला. दोनदा सुधारून पुन्हा पाठवला.

शुक्रवारी मॅडमनी केबिन उघडून तिथला प्रिंटर सुरू केला आणि माझ्याच सूचना छापत तो थांबेचना. मागे आणखी काही लिहिलं असेल म्हणून मी सुरीने चिठ्ठी खरवडून काढली. मागे तुझंच अक्षर: 'कागद आला नाही तर एलपीस्टॅट ही आज्ञा दे, कुठल्या प्रिंटरकडे गेला ते कळेल. सध्या सगळं मॅडमच्या केबिनमधल्या प्रिंटरकडे जातं.'

मॅडमनी बोलावलं. "नोकरी एक आणि राजीनामे तीन? सही तर एकावरही नाही!" मी उभीच. "बस खाली. फलक वाचतच आले मी. अक्षर चांगलं आहे तुझं. कायम केल्याचं पत्र तूच छाप, आणि हे पाठकोरे कागद वाया घालवू नकोस."

कायम झाले, दादा.

तुझी आज्ञाधारक,
पलीकडच्या घरची बहीण

ता. क. हे पत्र पाठकोऱ्यावरच लिहिलंय. मागे राजीनामा आहे, सर्वांत सुधारलेला.

आणखी ता. क. खरं काम हे: बाबांना वाचून दाखवताना 'कायम झाले' एवढंच वाच. ते पान उलटतीलच. त्यांना वाचता येत नाही, पण माझं नाव ओळखता येतं, मीच शिकवलंय. त्यांनी बोट ठेवून विचारलं तर सांग, पोरीचं नाव छापून आलंय. हे खोटं नाही.