शून्याच्या पलीकडची खूण

तीर्थरूप आईस प्रयोगशाळेतून वाकून नमस्कार.

जमलं! लोखंडाला हायड्रोजन जोडलेलं आमचं पिवळं संयुग तयार झालं. खरं तर ते महिन्यापूर्वीच झालं होतं. त्या हायड्रोजनची खूण तपासणी यंत्राच्या आलेखात शून्याच्या पलीकडे, उणे बाजूला उमटते, आणि मी दीडशहाणी दर वेळी आलेख शून्यापाशीच थांबवून "फसलं" म्हणत होते. आज पुढे पाहिलं, तर स्वारी ऐटीत बसलेली!

त्यात वापरलेल्या फॉस्फिन नावाच्या रसायनाचा लसणासारखा वास केसांतून जात नाही. बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही, म्हणून मी ऐसपैस बसते.

बाबांचा खोकला कसा आहे? "बरा आहे" एवढ्यावर थांबू नकोस. मीही महिनाभर "सगळं छान" एवढंच लिहून परतीची तिकिटं बघत होते.

तुझं,
शेंडेफळ