ताई, तुमची राहिलेली ओळ काल सभागृहात वाचली गेली

प्रिय ताई,

जयभीम.

काल दुपारी ती ओळ वाचली गेली! मंत्र्यांनी स्वतः वाचली, तुमचं नाव घेऊन वाचली. तुमची जी दुरुस्ती आवाजी मतदानात उडवली होती ना, तीच आता सरकारच्या विधेयकात कलम होऊन आली आणि मंजूर झाली. तुम्हाला हे सगळ्यात आधी मीच कळवायला हवं, कारण ती ओळ राहिली होती माझ्यामुळे. म्हणून लिहायला बसलोय. तुमच्या कळव्याच्या ऑफिसात, लाल खुर्चीत.

हो, तीच. मंत्र्याची खुर्ची. एक पाय अजून तसाच डुगडुगतो.

आठवतं, मी पहिल्यांदा इथे आलेलो तेव्हा? आईने ओढत आणलेलं. माझ्या सुमेधदादाचा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात पहिला दिवस होता. सकाळी आठला गेटमधून आत गेला आणि साडेअकराला पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटं गेली. ठेकेदार म्हणाला, "हा आमचा माणूसच नाही. हजेरीत नाव दाखवा." नाव कुठून असणार? तिथे नाव आठवड्याने लिहायचे. पोरगा टिकला तर लिहायचं, पळाला तर कशाला शाई घालवा! म्हणजे सात दिवस माणूस गेटच्या आत, आणि कागदावर कुठेच नाही.

माझं डोकं फिरलं. ठेकेदाराला तिथेच धुतला. मग पोलीस चौकी, मग कॉलेजची नोटीस. एस.वाय. बी.कॉम.ला मी गेलोच नाही परत.

तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, "मारलंस?"

"हो."

"बोटं आली परत?"

ताई, एवढं कोणी लागेल असं बोलतं का पहिल्या भेटीत? मी उठून निघालेलो. तुम्ही म्हणालात, "बस. पहिल्यापासून सांग. पण राग नको सांगू, घड्याळ सांग. आत किती वाजता गेला? मशीनवर कोणी उभं केलं? शिकवलं किती वेळ?" आणि तुम्ही लिहून घेत राहिलात. माझा राग सगळ्यांनी पाहिला होता. घड्याळ विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

मग ते तुमचे रविवार! अधिवेशनाच्या आधी दर रविवारी सकाळी दहाला ऑफिसात पोहे आणि भाषण. दिल्लीत जे बोलणार ते आधी कळव्यात वाचायचं. समोर लाल खुर्चीत एकाने मंत्री होऊन बसायचं आणि सरकारची बाजू मांडायची. थट्टेने नाही, खरी. मंत्री कोणी व्हायचं, त्याचा तुमचा नियम भारी होता. "ज्याला मंत्र्याचं डोकं फोडावंसं वाटतं, त्यानेच बसायचं." म्हणजे मीच, दर वेळी!

पहिल्या रविवारी मी छाती फुगवून म्हणालेलो, "सरकार यावर सहानुभूतीने विचार करेल." सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. "असला आळशी मंत्री मला नको. खरा हो. चार मशीनवाल्या मालकाने तुला फोन केलाय. काय म्हणतोय तो?"

मग तोंडातून निघालं, "तो म्हणतो, पोरं आज येतात, उद्या गावाला जातात. प्रत्येकाचे पाच-पाच फॉर्म मी भरत बसलो तर मशीन कोण चालवणार?"

बोललो आणि मलाच घाम फुटला. कारण ते खरं होतं! दादाची बोटं तोडणाऱ्यांच्या बाजूने मी बोललो, आणि ते खरं होतं.

तुम्ही मात्र खूश. "आत्ता बोललास! आता उत्तर द्यायला मजा येईल." आणि तुम्ही तुमची पानभर दुरुस्ती तिथेच फाडलीत. फॉर्म नको, काही नको. मालकाने एवढंच मानायचं म्हणून एकच ओळ ठेवलीत: गेटच्या आत पाऊल पडलं, की तो आमचा.

मला वाटलेलं, हे नरम पडणं आहे. मी भांडलोही. "ताई, त्यांना पळायला वाट कशाला ठेवता?" तुम्ही म्हणालात, "पळायला नाही रे वेड्या. आत यायला. समोरच्याला आमच्या बाजूला यायचं असेल, तर दार नको का?"

एक कबुली देतो. सुरुवातीला रविवारी मी यायचो ते तुमच्यासाठी नाही. ऋतुजासाठी. ती डोंबिवलीहून यायची, लॉ करत होती, तुमच्या दुरुस्त्यांचा मसुदा लिहायची. मी मंत्री म्हणून काही मूर्खपणा केला की पेन थांबवून नुसती बघायची. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, हो ना? नाहीतर तिची खुर्ची बरोबर माझ्यासमोर कशी असायची?

तुमच्या पक्षाचा सभागृहात एकच माणूस, तो म्हणजे तुम्ही. वाट्याला चार मिनिटं, आणि तीही शेवटी, सगळे घरी निघाल्यावर. त्या चार मिनिटांत तुम्ही काय काय उभं केलंत! सीमेवरच्या जवानांच्या विधवांवर बोललात. गव्हाच्या निर्यातीवर बोललात. मिठागरांच्या जमिनीवर बोललात तेव्हा तर आमच्याकडच्या आगरी काकांनी मोबाईल छातीला लावलेला. लोकांची खासगी माहिती कोण विकतं यावर बोललात, तेव्हा मी विचारलेलं, "ताई, रिकाम्या बाकांना कशाला सांगता?" तुमचं उत्तर, "बाकं नाही ऐकत. पण शब्द न् शब्द लिहिणारा माणूस खाली बसलेला असतो. एकदा लिहिलं गेलं की राहतं." आयुष्यभर विरोधी बाकावर बसलात. सत्तेच्या बाकावर यायची बोलावणी कमी नाही आली. पण तुमचं एकच, "मला इथूनच सगळं नीट दिसतं."

आता तो दिवस.

तुमच्या सहीचा पास. मी आणि ऋतुजा प्रेक्षक गॅलरीत. आत जाताना तुम्ही बजावलेलं, "वर बसून बोलायचं नाही, टाळी नाही, वाकून बघायचं नाही. हात मांडीखाली ठेव." मी ठेवले. तुम्ही दादाची गोष्ट घड्याळासकट सांगत होतात. आठ वाजता गेट, साडेअकराला प्रेस. सभागृह शांत झालेलं, आईशप्पथ. आणि सत्तेच्या बाकावरून एक जण ओरडला, "ताई, तुमचा पक्षच कुठल्या हजेरीत नाही!"

सगळे हसले. तुम्हीसुद्धा हसलात!

माझे हात मांडीखालून कधी निघाले कळलंच नाही. मी उभा. "हसता काय? माझ्या भावाची बोटं गेलीत!"

पुढचं सगळ्या देशाने पाहिलं. दोघा-तिघांनी मला उचलून बाहेर नेलं. खाली गोंधळ, अध्यक्षांची घंटा, आणि तुमची चार मिनिटं संपली. शेवटची ओळ राहिली. दुरुस्ती पडली. संध्याकाळी सगळ्या चॅनेलवर माझंच थोबाड, तुमच्या भाषणाचा एक शब्द नाही. आणि पास तुमच्या सहीचा, म्हणून लेखी दिलगिरीही तुम्हीच दिलीत.

ऋतुजा तिथेच, रस्त्यावर म्हणाली, "त्यांना चार मिनिटं मिळतात रे. त्यातली दोन तू खाल्लीस." त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही.

आणि तुम्ही? मला सोडवून आणलंत, आणि पहिलं काय विचारलंत? "जेवलास का?"

मी रडत होतो, ताई. मी म्हणालेलो, "तुम्ही हसलात कशाला त्यांच्याबरोबर?" तर तुम्ही शांतपणे, "विनोद चांगला होता रे."

त्या वाक्याचा मला कितीतरी महिने राग होता! आज नाही. तुम्ही हसलात म्हणून तो माणूस तुमचा वैरी झाला नाही. दार उघडं राहिलं. हे मला काल कळलं.

पण माझीही एक तक्रार आहे. आजार लपवलात का? ऋतुजाला कपाटात तुमच्या पत्रांची फाइल सापडली. त्या दिवशी गॅलरीतून मला उचलून नेत होते, तेव्हा तुम्ही राहिलेल्या ओळीचा कागद शिपायाच्या हाती मंत्र्यांच्या बाकाकडे पाठवलेला. मग मंत्री बदलले, तरी पत्रं. समितीला पत्रं. शेवटचं पत्र हॉस्पिटलमधून, वाकड्या अक्षरांत. प्रत्येक पत्राच्या खाली तीच ओळ. तुम्ही एकट्या लढत होतात आणि मी इथे माफी कशी मागायची याचीच रिहर्सल करत राहिलो. मागितलीच नाही. तुम्ही गेलात.

तर काल. वागळे इस्टेटच्या नाक्यावर कँटीन आहे ना, कोपऱ्यात टीव्ही असलेलं? तिथे आम्ही सगळे. पहिल्या पाळीची पोरं, दादा, आई. गॅलरीत मला आता कोण सोडतंय! ऋतुजा आली, दोन खुर्च्या सोडून बसली.

मंत्री कलमावर आले. म्हणाले, "काही छोट्या कारखानदारांना भीती आहे, की कागदपत्रं वाढतील. ती भीती खोटी नाही." ताई, मी दचकलो. हा तर माझा संवाद! लाल खुर्चीतला! मग म्हणाले, "या सभागृहाच्या एका दिवंगत सदस्येने फॉर्मशिवायचा मार्ग सुचवला होता. त्यांचं भाषण अर्धवट राहिलं होतं. शेवटची ओळ मी वाचतो." आणि वाचली.

"गेटच्या आत पाऊल पडलं, की तो आमचा."

बाकं वाजली. दोन्हीकडची! तो टोमणा मारणाराही वाजवत होता, मी नीट पाहिलं. राग आला नाही. बरं, आला, पण थोडा.

माझे हात अजून मांडीखालीच होते. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे काढ की बाहेर, इथे कोण उचलणारे तुला?" आणि मग मी ओरडलो, ताई! घसा फाटेपर्यंत ओरडलो. अख्खं कँटीन ओरडलं. मालकाने चहा फुकट सोडला. दादाने दोन बोटं आणि तळहात घेऊन टेबल असं वाजवलं की ग्लास पडला. आई एवढंच म्हणाली, "बाई जिंकली माझी."

संध्याकाळी ऑफिस उघडलं. ऋतुजा फाइल ठेवायला आलेली. मी लाल खुर्ची ओढली आणि बसलो. म्हटलं, "तुझी बाजू मी मांडतो. या मुलाशी का बोलू नये? एक, कॉलेज अर्धवट. दोन, हात आधी, डोकं नंतर. तीन, एका बाईच्या चार मिनिटांतली दोन खाल्ली आणि ती जिवंत असेपर्यंत माफी मागितली नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो."

ती उभी राहून ऐकत होती. मग मान हलवली. तुमचा नियमच होता ना, समोरच्याची मान हलली की मगच आपलं बोलायचं! मी म्हटलं, "आता माझी बाजू मांडू?"

"नको," ती म्हणाली. "विधेयक समितीकडे पाठवतेय. समितीत मी एकटीच आहे. वेळ लागेल."

ताई, फेटाळलं नाही! समितीकडे पाठवलं!

उड्या मारू नकोस, असंही म्हणाली ती. दुसऱ्या सभागृहात मंजुरी, मग राष्ट्रपतींची सही व्हायची आहे, राजपत्रात यायचं आहे, आणि कायदा छापला म्हणून गेटवरचा माणूस लगेच सुधारत नाही. बरोबर आहे तिचं. म्हणून आता ऐका, मी काय कबूल करतोय ते.

सोमवारी दादाचा पहिला दिवस आहे. वागळेतच, दुसऱ्या वर्कशॉपात, तयार माल तपासायचं काम. इतके दिवस तो त्या रस्त्यानेही जात नव्हता, काल पहिल्यांदाच नाक्यापर्यंत आला. काल घरी येताना स्वतःहून म्हणाला, "जातो मी." आठ वाजता मी त्याच्याबरोबर गेटपर्यंत जाणार. हात मांडीखाली ठेवता येणार नाहीत उभ्याने, खिशात ठेवीन. ओरडणार नाही. दादाने आत पाऊल टाकलं की गेटवरच्या माणसाला एवढंच विचारीन, "नाव लिहिलंत?" आणि लिहीपर्यंत हलणार नाही. मंगळवारी दुसऱ्या गेटवर, बुधवारी तिसऱ्या. जो पोरगा बावरलेला दिसेल त्याला विचारीन, "पहिला दिवस का रे?" आणि रविवारी दहाला पोहे, वाचन. खुर्ची मी कोणाला देणार नाही.

आणि ताई, माफ करा. एक वर्ष उशीर झाला, पण आता हेही लिहिलं गेलं. लिहिलं गेलं की राहतं, असं तुम्हीच म्हणालेलात.

तुमचा,
प्रशिक
(मंत्री, लाल खुर्ची, कळवा)