नावाला थांबणारा कुत्रा

माय,

परवा आमच्या चाळीत एका घरच्या कुत्र्याने दुसऱ्या घरची पोळी पळवली आणि त्यावरून दोन्ही घरं हिंदीतून कचाकचा भांडली. मला आपला तांबडा आठवला. तू त्याला कसं शिकवलंस हे इथे गोंदियात कोणाला सांगावं, म्हणून तुलाच सांगते, तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर.

तांबड्याला दुसरी खोड नव्हती. पण कोंबडी दिसली की संपलं. शेजारच्या काकाजींची एक कोंबडी त्याने मारली, तेव्हा ते कुंपणावरून म्हणाले, "अजून एक धरली त कुऱ्हाडच घालतो त्याच्यावर." काकाजी बोलले की करायचेच. बाबांनी त्याला दूर जंगलात सोडून यायचं ठरवलं. तू आडवी आलीस. "कायले सोडता? शिकवलं नाई त त्याले समजन कसं?"

मला अजून दिसतं. तू चुलीपुढे बसली आहेस, पितळीत भात आहे, समोर तांबडा. तू म्हणतेस, "राह," म्हणजे थांब. तो झेपावतो, तू पितळी उचलतेस. ना मार, ना शिवी. पुन्हा ठेवतेस, तो पुन्हा झेपावतो, पुन्हा उचलतेस. भात सोडून तो तुझ्या तोंडाकडे बघतो तेव्हाच "खा." भातानंतर सुकी मासळी, ती तर त्याच्या नाकापुढेच. मग त्याची दोरी आपल्या कमरेला बांधून अंगणात, कोंबड्या लांब असताना. मग जरा जवळ. तुला घाई म्हणून नव्हती, आणि इकडे भाजी करपायची ती माझ्या माथी. फार राग यायचा मला तुझा.

सगळं जमलं, शब्द तेवढा चुकला. आपल्याकडे कोणाचं बोलणं 'राहिलो-राहिली'शिवाय पुरं होतं? बाबा दारातून विचारत, "काय करून राहिली वो?" की तांबडा खाता खाता थांबे. कोणी म्हणे, "पानी येऊन राहिलं," की हा अंगणाच्या मधोमध बसे. आम्ही पोट धरून हसलो, तू हसली नाहीस. दिवसभर सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द, आणि मागून घास नाही की काही नाही. हळूहळू त्याने तो कानाआडच केला.

मग तो दिवस. अंगणात धान वाळत घातलेलं, त्यावर काकाजींच्या कोंबड्या आलेल्या. काकाजी पलीकडे लाकडं फोडत होते, म्हणजे कुऱ्हाड हातातच. तांबडा सुटला. "राह! राह!" म्हणून तू ओरडलीस, त्याने ढुंकून पाहिलं नाही. बाबा बैलांना पाणी दाखवत वाटेतच उभे होते. त्यांनी धरावं म्हणून तू त्यांना हाक मारलीस, आणि त्या घाईत जन्मात पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलंस. 'अवो' नाही, नाव. घरात ते कोणीच घेत नसे, गाव तर त्यांना भाऊच म्हणे. तांबडा जागच्या जागी थांबला आणि वळून तुझ्या तोंडाकडे बघू लागला. बाबाही तसेच.

तू पदर ओढून आत गेलीस. जेवायला वाढताना खाली बघत म्हणालीस, "तो शब्द समजला त्याले. आता काय करू?" बाबा भात कालवत म्हणाले, "लाव मंग तोच. मी त काई कोंबड्या धरत नाई."

तेव्हापासून तू पितळी ठेवून नवऱ्याचं नाव घेऊ लागलीस आणि कुत्रा थांबू लागला. बायांनी तुला सोडलं नाही. "नाव उखान्यात घेतेत वो, तू त कुत्र्याले घेऊन राहिली!" लाजेने तुझे कान लाल व्हायचे, पण शब्द बदलला नाहीस. काकाजींची कुऱ्हाड लाकडांपुरतीच राहिली. बाबा तर कधीकधी उगाच दारात घोटाळत, तू कुत्र्याला थांबवेपर्यंत. त्यांना ते आवडायचं, हे मला लग्न झाल्यावर कळलं.

बाबा तापाने गेले, त्यानंतरची गोष्ट. कोंबड्या अंगणात शिरल्या, तांबडा उठला. तू तोंड उघडलंस आणि तुझ्याने नाव घेववेना. तो एक पाय उचलून तुझ्या तोंडाकडे बघत उभा. बराच वेळ तसाच. मग आपणहून खाली बसला. तोवर तू रडली नव्हतीस, तेव्हा रडलीस. पुढे तू त्याच्यासाठी कुठला शब्द वापरलाच नाहीस, आणि त्यालाही कधी लागला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. काल हे मालधक्क्यावर कामाला गेले होते, घरात कोणी नव्हतं. मी दार लावून ह्यांचं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. दोनदा घेतलं. थांबवायला कुत्राही नव्हता.