देवरावचं साल

३ जानेवारी
फंडवाल्यांचं पत्रक मोबाइलवर आलं. ‘येत्या वर्षात जगाचे बाजार’. सगळी नोकरी बँकेत झाली, अशी पत्रकं ढिगानं पाहिली. सार एकच : तेजी राहील, नाही राहिली तर मंदी येईल. अमेरिकेनं जकात वाढवली तर अमुक, डॉलर घसरला तर तमुक. पुसून टाकणार होते. राहू दिलं.

१० जाने.
गावाहून, रिठदहून वसंताचा फोन. नव्या रस्त्यात वावर गेलं त्याचा मोबदला जमा झाला. वावर सगळंच गेलं. घर नि गोठा तेवढा उरला.
“अक्का, तू बँकेतली. पैसे कुठी ठिवू?”
धाकट्या भावांना वाटतं, बँकेतल्या बहिणीला उद्याचं दिसतं.

१४ जाने. संक्रांत
वसंता आला. पत्रक वाचून दाखवलं. मन लावून ऐकलं बिचाऱ्यानं.
“यात ‘जर’ लय हायेत, अक्का. पक्कं काय?”
“पक्कं काहीच नाही.”
“मंग आपलं पंचांग काय वाईट होतं? त्यात पाऊस तरी सांगत.”
हसले. दुसरं वावर घे म्हटलं, तर रस्त्यामुळे आसपासचे भाव आभाळाला. गेलं त्याच्या निम्मंही मिळत नाही.

२० फेब्रु.
बाजार आपटला. मीच फोन केला, पैसे टाकले नाहीस ना?
“कायले टाकतो? पाडवा होऊ दे.”
जगाचं वर्ष जानेवारीत सुरू झालं. वसंताचं अजून व्हायचंय.

१९ मार्च. पाडवा
रिठदला. अंगणात देवराव बसलेला. बाबांच्या वेळेपासूनचा सालगडी, दर पाडव्याला याचं साल ठरतं, म्हणजे वर्षभराचं काम नि त्याची मजुरी. वाटलं, निरोप घ्यायला आला. जेवणं झाली नि वसंतानं सगळ्यांसमोर त्याच्या हातावर विसाराचे आगाऊ पैसे ठेवले. साल ठरलं!
वसंताला आत बोलावून घेतलं. “अरे, वावर कुठी हाय?”
“नाही ना.”
“मंग तो करीन काय?”
“म्हातारा झाला तो. आता त्याले दुसरं कोन ठेवीन?” मग हळूच, “त्या फंडातून देवरावचं साल निघते का, तेवढं पाह्य. मले जास्तीचा लोभ नाही.”
“निघन बहुतेक,” म्हणाले.
‘बहुतेक’ पत्रकातलंच. वसंताचा राग आला, रडूही आलं.

२४ मार्च
वसंताचे पैसे टाकले. निम्मे एफडीत, निम्मे फंडात. पत्रक परत काढून वाचलं. तेल, चीन, व्याजदर. यातल्या कुठल्या ओळीवर देवराव जेवणार ते शोधत बसले. भीती वाटते. उगाच पडले मधे.

९ एप्रिल
बाजार खालीच. वसंताला सांगावं म्हणून फोन लावला नि विचारलं भलतंच, देवराव काय करते?
“सकाळी येते. गोठा झाडून राह्यला.”
“बैल तर इकले ना तू?”
“हो. रिकामाच झाडते. मी काही म्हनत नाही.” मग त्यानंच विचारलं, “तुया बाजार काय म्हन्ते?”
“खाली हाय.”
“असू दे. पाडव्याले पाहू.”
पाडवा तर आत्ताच झाला.