हॅट घालणारा सिंह

४ ऑगस्ट
सिंह वाचवणाऱ्या आमच्या ऑफिसची पाहणी, तीही माझ्याच गावात. दिवसभर सतरा घरं. प्रश्न एकच — वर्षात जनावरं किती गेली, कुणी नेली? उत्तरही एकच — सिंहाने! कोंबडीसुद्धा सिंहानेच नेली म्हणे. घेतलं लिहून. हसू दाबून दाबून गाल दुखतायत.

५ ऑगस्ट
आज शेजारचे रा गालेबोए — शाळेत माझ्या वर्गात असलेल्या गालेबोएचे वडील. आमच्यात बापाला रा, आईला म्मा, पुढे पोराचं नाव. सहा शेळ्या गेल्या म्हणाले. मी विचारलं, "रक्त? हाडं?"
"नीटनेटका सिंह आहे पोरी. काही सांडत नाही!"
त्यांच्या बायकोने, म्मा गालेबोएने, माझ्या कागदावर बोट आपटलं. "लिही! ठळक लिही!"
माझी खोड जाईना. येताना त्यांच्या कुंपणामागच्या वाटेवर झाडाला ऑफिसचा आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. कुणाला सांगितलं नाही.

९ ऑगस्ट
कॅमेऱ्यात एक साळिंदर. दोन गाढवं. बस्स.

१२ ऑगस्ट
सिंह सापडला कॅमेऱ्यात! भर दुपारी! खुद्द रा गालेबोए! डोक्यावर हॅट, हातात दोरी, दोरीला शेळी. आणि ती वाट जाते थेट म्मा थाटोच्या दारात. विधवा आहे, बियर गाळते, हसते छान. पोट धरून हसले. ऑफिसात कुणाला दाखवलं नाही.

१३ ऑगस्ट
हसू पळालं. म्मा गालेबोएने सिंह मारायला गडी जमवलेत. मेलेल्या गाढवात विष भरून उद्या पाणवठ्यावर टाकणार. तिथे आमची सिंहीण आहे, तीन पिल्लांची आई. शिवाय गिधाडं, गावची कुत्री — कुणी वाचायचं नाही.
धावत रा गालेबोएंकडे गेले. फोटो पुढे धरला. "रा, हा सिंह हॅट घालतो."
म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा. "बायकोला दाखवणार?"
"विष थांबवा. मग नाही."
"तिला काय सांगू?"
"तुमचं तुम्ही बघा. सिंह धीट असतो म्हणे!"

१४ ऑगस्ट
चावडीवर रा गालेबोए उभे राहिले. हॅट छातीशी. "सिंहाने काही नेलं नाही. शेळ्या मीच दिल्या."
कुणाला, ते विचारावंच लागलं नाही — म्मा थाटो आपली खुर्ची उचलून चालती झाली! गाव हसून लोळलं. मुखियाने विष काढून घेतलं, गडी पांगले.
म्मा गालेबोए मात्र शांत. नंतर माझ्या कानाशी, "मला केव्हाचं ठाऊक होतं गं. त्याच्या तोंडून वदवायचं होतं."
"आणि विष?"
"तो गप्प बसला असता तर टाकलंच असतं."

१९ ऑगस्ट
सकाळी आमची तांबडी गाय मेलेली सापडली. गाभण होती. कुंपणात सिंहिणीची पावलं, शेजारी पिल्लांची. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "ते विष कुठे मिळतं?"
मला माहीत आहे. सांगितलं नाही. पण ओठांपर्यंत आलं होतं.