तीन मुक्या गाड्या आणि आमच्या काचा

३ मार्च, मंगळवार

आज माझ्यावर अन्याय झाला. कुठेतरी नोंद हवी म्हणून लिहिते.

इलेक्ट्रिक पिकअप नंबर एक. दोन सीटच्या मधोमध पेला ठेवायचा खळगा. माझा स्टीलचा पेला त्यात गेला तो गेलाच. सेल्समनने दोन्ही हातांनी ओढला, शेवटी चहा माझ्या मांडीवर आला आणि पेला तिथेच राहिला. गाडीला चार कॅमेरे आहेत, उन्हाचा अंदाज घेणारी काच आहे, पण बनवणाऱ्यांपैकी एकानेही चहाचा पेला कधी मोजला नाही!

दादा मागे उभा राहून हसत होता. गाडीत मात्र चार मिनिटं बसला आणि उतरला. का, तर आवडली नाही. बस.

५ मार्च

एक एप्रिलपासून शहराच्या आतल्या भागात डिझेल गाड्यांना बंदी. आमची गिऱ्हाइकं सगळी आतल्याच भागात. शाळेच्या खिडक्यांचं काम तर अगदी मधोमध, आणि तेच या वर्षीचं मोठं काम. म्हणजे महिनाअखेरपर्यंत गाडी नाही तर दुकानाला कुलूप. हे दादाला कोण सांगणार? मी. रोज.

बाबांच्या मागे काचेचं दुकान आम्ही दोघं चालवतो. मी कापते, तो वाहतो. सत्तावीस वर्षं तीच डिझेल पिकअप आणि तोच ड्रायव्हर. लायसन माझ्याकडेही आहे, पण त्याचा उपयोग फोटो बघून हसण्यापुरता. स्टिअरिंगला हात लावला की ‘करवत, उतर’ म्हणतो. करवत म्हणजे मी. जिभेवरून पडलेलं नाव, कामावरून नव्हे.

८ मार्च

नंबर दोन पाहिली. तुलना लिहून ठेवते, कारण दादाच्या डोक्यात काही राहत नाही आणि सेल्समनच्या डोक्यात काही नसतंच.

एक : हौदा सहा फुटी. आमच्या काचा आठ फुटी. म्हणजे दोन फूट काच रस्त्यावरच्या लोकांना दाखवत न्यायची. रोजच्या फिरण्याला छान. वहिनीला बाजारात न्यायला उत्तम. धंद्याला शून्य.

दोन : हौदा पुरेसा, पण इतका उंच की काच चढवायला शिडी लागेल. जाहिरातीत एका चार्जमध्ये साडेतीनशे किलोमीटर. भरल्या गाडीने किती, असं विचारलं तर सेल्समन खिडकीबाहेर बघायला लागला. दोनशे म्हणाला, तेही खिडकीलाच.

दादाचं मत : ‘पेडल मेलेलं आहे.’ नंबर एकचंही मेलेलं होतं म्हणे. सगळ्या कारखान्यांनी मिळून आमच्या दादाविरुद्ध कट केला असावा!

११ मार्च

नंबर तीन. हौदा आठ फुटी, कमरेच्या उंचीवर. मागे प्लगची सोय, साइटवर घासायचं मशीन सरळ गाडीवर चालेल. रात्री दुकानात चार्जिंगला लावली की सकाळी भरलेली. दिसायला इस्त्रीसारखी आहे, पण आपल्याला तिच्याशी लग्न करायचं नाही.

एकच नवं. पाय उचलला की गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी थांबते. मला पाच मिनिटांत जमलं. दादाला धक्के बसत होते, आणि शेजारी बसलेल्या मलाही. मी म्हटलं, गाडी आहे की उचकी? तो चिडला. 

शनिवारी दिवसभरासाठी माल भरून चालवून बघायला देणार आहेत.

१४ मार्च, शनिवार

चार काचा गेल्या.

शाळेच्या आवारात शेवटचं वळण. घोड्यावर, म्हणजे काचा उभ्या लावायच्या आमच्या लाकडी चौकटीवर, सहा काचा दोऱ्यांनी बांधलेल्या. दादाने वेग कमी करायला हवा होता तिथे गाडी उसळली आणि फाटकाच्या खांबाला भिडली. सुट्टी होती, म्हणून आवारात पोरं नव्हती. असती तर... हे वाक्य पुरं करत नाही.

दादा पांढरा पडला होता. म्हणाला, गाडीने स्वतःहून उडी मारली. मी मान्य केलं. न करून काय!

१६ मार्च

सेल्समनने गाडीची नोंद काढून दाखवली. त्या क्षणी ब्रेकला पाय लागलेलाच नाही, वेगाचं पेडल तळापर्यंत दाबलेलं. मी विचारलं, तुमच्या गाडीला खोटं बोलायचंही शिकवलंय का?

घरी येऊन तक्रार लिहिली. तीन पानं. इतकं चांगलं मी वर्षभरात काही लिहिलं नव्हतं.

१७ मार्च

तक्रार पाठवली. दादा म्हणतो, जाऊ दे ना. का जाऊ दे?

१९ मार्च

शाळेच्या नव्या काचा कापून झाल्या. संध्याकाळी दादाकडे गेले. तो बूट काढून घरात आला, आणि त्याच्या मागे फरशीवर लाल ठसे. एकेक, व्यवस्थित, दारापासून खुर्चीपर्यंत.

त्याने वळून पाहिलं आणि विचारलं, “कुणाला लागलंय?”

उजव्या तळव्यात अर्ध्या नखाएवढी काच होती. दुकानातली असणार. सकाळपासून तो तिच्यावर चालत होता.

वहिनी चिमटा घेऊन आली. तिला सवय होती. दोन वर्षं झाली म्हणाली. साखर. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली होती. मला कळू द्यायचं नाही असं त्याने तिला बजावलं होतं.

मी विचारलं, मग डिझेल गाडी कशी चालवत होतास? तो तळव्याकडे बघत राहिला, जणू पाय दुसऱ्याचा.

“ती थरथरते गं. थरथर पोटरीपर्यंत येते, त्यावरून कळतं पाय कुठे आहे. ह्या मुक्या गाड्यांत खालून काहीच येत नाही.”

आणि मी त्याला उचकी म्हटलं होतं. मला फार राग आला. त्याचा, वहिनीचा, त्या डिझेलच्या डब्याचा. त्या आवारात शनिवारऐवजी सोमवार असता तर!

म्हटलं, किल्ल्या दे. दोन्ही जुडगे. त्याने दिल्या. एवढ्या पटकन देईल असं वाटलं नव्हतं.

२१ मार्च

नंबर तीन ठरवली. हौदा खाली आहे, दादाला उभ्या उभ्या काचा बांधता येतील. दोऱ्या त्याच्याइतक्या कुणी घट्ट बांधत नाही.

तक्रार मागे घेतली. सेल्समनला सांगितलं, गाडी बरोबर होती, पेडल चुकून मी दाबलं. त्याला पटलं नाही हे दिसत होतं. विचारलं मात्र नाही.

मी नऊ वर्षांची असताना बाबांचा विकायचा आरसा माझ्या हातून फुटला होता. दादा म्हणाला होता, मी फोडला. फिटलं.

त्याला हे सांगणार नाही.