कोर्पेला घराच्या छपरावर डांबरी शिंगल्सऐवजी पत्रा बसविण्याबाबत

प्रति,
मा. इमारत परवाना अधिकारी,
हेमलॉक बे टाउनशिप, मिशिगन.

विषय: नाकारलेल्या परवान्याचा पहिला हिमवर्षाव होण्यापूर्वी फेरविचार होण्याबाबत.
संदर्भ: आपले दि. २२ सप्टेंबरचे पत्र.

महोदय,

१. मी, एल्मा कोर्पेला, वय ७३, राहणार आठ नंबरचे घर, मिल रोड. ऑगस्टच्या वादळात माझ्या छपराच्या पश्चिमेकडील डांबरी शिंगल्स, म्हणजे कौलांसारख्या ठोकलेल्या पट्ट्या, उडाल्या. उरलेल्या एकोणीस वर्षे जुन्या आहेत. नव्या छपरासाठी मी पत्रा मागितला. पत्र्यावरचा बर्फ एकदम घसरून खाली येतो, म्हणून घर आणि शेजाऱ्याची हद्द यांत बारा फूट अंतर हवे. माझ्याकडे साडेसात आहे. शेजाऱ्याची लेखी संमती नसल्याने आपण अर्ज नाकारला आणि डांबरी शिंगल्स घातल्यास परवाना त्याच दिवशी मिळेल, असे कळविले. आपला नकार नियमाला धरून आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही.

२. डांबरी छपरावरचा बर्फ घसरत नाही, साचतो. हिवाळ्यात सहा-सात वेळा कोणाला तरी वर चढून तो फावड्याने उतरवावा लागतो. तीन वर्षांपूर्वी, ११ फेब्रुवारीला दुपारी २.२० वाजता, हे काम करताना माझे पती ओनी पश्चिमेच्या उतारावरून पडले आणि जागीच गेले. त्यांच्यासोबत वर आमचे शेजारी श्री. अर्वो साल्मी होते. ज्यांची संमती आपण मागितली आहे, ते हेच.

३. त्यानंतरचे तीनही हिवाळे माझे छप्पर श्री. साल्मी यांनी एकट्याने साफ केले. त्यांचे वय ७७ आहे आणि उजवा गुडघा कृत्रिम आहे. मी दोनदा कामाला माणसे बोलावली, त्यांनी ती फाटकातूनच परत पाठविली. मी शिडी तळघरात ठेवून कुलूप लावले, तेव्हा ते स्वतःची घेऊन आले. डुलुथला असलेल्या त्यांच्या मुलीला पत्र लिहिले. बाबा माझे ऐकत नाहीत, तुमचे ऐकतील, असे तिचे उत्तर आले. संमतीचा कागद दोनदा त्यांच्यापुढे ठेवला. पहिल्यांदा ते हवामानावर बोलले. दुसऱ्यांदा मला म्हणाले, "तुझ्या घराला डांबरीच शोभतं," आणि उठून गेले.

४. सबब विनंती की, संमतीची अट माझ्यापुरती शिथिल करावी. ते शक्य नसल्यास श्री. साल्मी यांना माझ्या छपरावर चढण्यास आपल्या शिक्क्यानिशी मनाई करावी. शिक्क्याचा कागद ते मानतात. तेही शक्य नसल्यास माझे घर राहण्यास अयोग्य ठरवावे, म्हणजे त्यावरचा बर्फ उतरविण्याचे कोणाला कारण उरणार नाही. मी बहिणीकडे जाईन.

५. इथपर्यंतचा मजकूर शुक्रवारी लिहिला होता. शनिवारी जे घडले त्यामुळे विनंती बदलावी लागत आहे. दर शनिवारी सौनाचे वाफेचे स्नान झाल्यावर श्री. साल्मी माझ्याकडे कॉफीला येतात. त्या वेळी, आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट मी त्यांना सांगितली. एकोणीस वर्षांपूर्वी ओनींना पत्राच हवा होता. गोठ्याला पत्रा शोभतो, घराला नाही, असे मी म्हणाले आणि विषय संपला. मी जिल्ह्याच्या दैनिकात एकतीस वर्षे काम केले. छपरावरून पडलेल्या माणसाची बातमी दर हिवाळ्यात एक तरी माझ्या हातून जात असे. तरीही मी तसे म्हणाले.

६. श्री. साल्मी यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ओनी बर्फ पार तळापर्यंत खरवडत होता, एल्मा. मीच चेष्टेनं ओरडलो, तुझ्या राणीसाहेबांच्या शिंगल्सवर ओरखडे पाडू नकोस, चार बोटं थर ठेव. त्यानं ठेवला. त्याच थरावरून त्याचा पाय गेला."

फावडे लागून शिंगल फाटू नये म्हणून तळाशी असा थर इकडे सगळेच ठेवतात. त्यात त्यांची चूक नव्हती. मी तसे सांगितले. त्यांनी मान हलविली, पण ते ऐकल्यासारखी नाही.

"पत्र्यावर बर्फ थांबणारच नाही," ते म्हणाले. "मग मी काय करू?"

 मी आपले नकारपत्र काढले आणि त्यातील दुसरा परिच्छेद मोठ्याने वाचला. पश्चिमेच्या उताराचा सर्व बर्फ शेजाऱ्याच्या अंगणात पडेल, असे आपण त्यात लिहिले आहे. "अर्वो," मी म्हणाले, "ओनी जिथून पडला त्या बाजूचा सगळा बर्फ तुझ्याकडे येणार आहे. जमिनीवर उभा राहून काढ."

त्यांनी पत्र मागून घेतले, चष्मा लावला आणि तो परिच्छेद स्वतः दोनदा वाचला. मग पेन मागितले.

७. संमतिपत्र सोबत जोडले आहे. घसरून आलेला बर्फ अर्जदार स्वखर्चाने हटवील, असे त्याचे छापील पाचवे कलम आहे. श्री. साल्मी यांनी ते खोडून वर स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "हा बर्फ मी काढणार. एल्माने हात लावायचा नाही." खाडाखोड असलेला कागद आपले कार्यालय स्वीकारत नाही, हे मला ठाऊक आहे. कोरा नमुना पाठवून नवी सही मागविणे नियमाला धरून होईल. तसे कृपया करू नये. कागद आहे तसा दाखल करून घ्यावा आणि त्यांची अट परवान्यात शब्दशः नोंदवावी. मला ती मान्य आहे.

परिच्छेद ४ मधील तिन्ही विनंत्या मी मागे घेत आहे. पत्रा बसविणारे २४ ऑक्टोबरपर्यंतच मोकळे आहेत. त्यानंतर बर्फ सुरू होईल आणि परवाना हाती नसेल, तर श्री. साल्मी पुन्हा वर चढतील. त्यांना अडविण्याचा दुसरा उपाय माझ्यापाशी नाही.

आपल्या परवान्याची वाट पाहत असलेली,

(सही)
एल्मा कोर्पेला
दि. १० ऑक्टोबर

सोबत:
१. आपल्या नकारपत्राची प्रत.
२. घर व हद्दीचा मोजणी नकाशा.
३. श्री. अर्वो साल्मी यांचे संमतिपत्र, मूळ प्रत, कलम ५ खोडलेले.